मनूभाईंनी घडी घातलेलं फडकं

आमच्या घरात जे जपायचं ते चुलीवर टांगायचं. तलासरीच्या आतल्या पाड्यावर आमचं कुडाच्या भिंतींचं घर. आठ महिने काही वाटायचं नाही, पण पावसाळ्यात भिंतींना हात लावला तरी तळवा ओला व्हायचा. म्हणून आईने चुलीच्या वर, छताला, बांबूची तट्टी टांगली होती. तिच्यावर भाताचं बियाणं, सुके बोंबील, रेशनकार्ड आणि पिशवीत गुंडाळलेले माझे शाळेचे कागद. धुराजवळ ओल येत नाही, कीड लागत नाही, हे तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. माझं दहावीचं गुणपत्रक आज चहात बुडवून काढल्यासारखं दिसतं, पण त्याचा एक कोपरा कुजलेला नाही. तोच धूर आमच्या कपड्यांतही असायचा. शाळेत मागच्या बाकावरून हाक यायची, "ए धुरी, खिडकीत बस!" बा चिकूच्या वाडीत कामाला, आई मिळेल त्या मजुरीला. त्यांना ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. मला ज्याची लाज वाटायची ती त्यांची रोजची चूल होती, सांगणार काय?

२०१६ साली मी डहाणूच्या कॉलेजात संगणकाच्या बी.एस्सी.ला गेलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा पहिला मीच. वाडीच्या मालकाने बाच्या हातात एक जुना लॅपटॉप ठेवला होता. "चालत नाही. तुझा पोरगा शिकतो ना, बघू दे त्याला." बाने तो फडक्यात बांधून, पोटाशी धरून आणला. मी तो घेऊन मनूभाईंकडे गेलो.

डहाणू स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याच्या शेजारी त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि टेबलावर रोज सकाळी अंथरलेलं धुतलेलं पांढरं फडकं. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग हे. साठीचा माणूस, डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा. मी लॅपटॉप पुढे ठेवला तर त्यांनी बटण दाबलं नाही. तो दोन्ही हातांनी उचलला, कडेच्या जाळीला नाक लावलं आणि डोळे मिटून वास घेतला. मला हसू आलं.

"हस, दीकरा, हस," ते त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "काल वरोरचा एक मच्छीवाला आलेला. म्हणाला, काय पण सांडलं नाही. मी वास घेतला, बोललो, शेठ, कोळंबीचं पाणी आहे. माणूस पळायला लागला!"

मग त्यांनी विचारलं, "छेल्लं काय झालं? बंद पडायच्या आधी शेवटचं?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत स्क्रूला हात लावायचे नाहीत. मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. "चांगलं. माहीत नाही ते माहीत नाही. आता आपण शोधू."

त्या दिवशी दोन तास मी त्यांच्या टेबलाशी उभा होतो. कॉलेजच्या तीन वर्षांत त्या दोन तासांएवढं मी कुठे शिकलो नाही. "आधी जिवंत आहे का ते बघ, मग आजार बघ," असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा चार्जर तपासला. चार्जर चांगला होता. मग बॅटरी काढून ठेवली आणि बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं, आत अडकलेली वीज निघून जावी म्हणून. नुसत्या चार्जरवर चालू केला. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. "म्हणजे जिवंत आहे." दुसरा पडदा जोडला, तोही काळा. "म्हणजे पडद्याचा गुन्हा नाही. बिचाऱ्याला सोडून दे." मग खालचं झाकण उघडलं. निघालेला प्रत्येक स्क्रू ते थर्माकोलच्या तुकड्यावर त्याच जागी टोचत होते, म्हणजे थर्माकोलवर स्क्रूंचा दुसरा लॅपटॉप तयार झाला. आत रॅमच्या दोन पट्ट्या. मी घाईने दोन्हींना हात घातला तर माझ्या बोटांवर चापट बसली.

"एका टायमाला एकच हलव. दोन हलवल्या आणि चालू झाला, तर कोणामुळे झाला ते देवाला पण कळणार नाही."

एक काढली, काळा. ती लावून दुसरी काढली, आणि पडद्यावर अक्षरं आली. त्या दुसऱ्या पट्टीची सोनेरी टोकं त्यांनी शाळेच्या खोडरबराने घासली, परत बसवली. लॅपटॉप सुरू झाला. शेवटी त्यांनी पांढरी चिकटपट्टी फाडून लॅपटॉपच्या पोटावर लावली आणि पेनाने लिहिलं, "रॅम. गंज. साफ केला. मनू." बिघाडाचं खरं कारण लिहिल्याशिवाय ते मशीन परत द्यायचे नाहीत. "उद्या दुसऱ्या कोणी खोललं तर त्याला खरं कळायला पाहिजे," असं म्हणायचे.

पुढे दोन वर्षं कॉलेज सुटलं की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. ते मला उघडायला द्यायचे, चुकलो की चापट द्यायचे. माझा लॅपटॉपही अधूनमधून खोलून साफ करून द्यायचे. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "हा आमचा सुनील. तलासरीचा. ग्रॅज्युएट होणार." त्यांच्या तोंडून ते ऐकताना माझी मान ताठ व्हायची.

२०१८चा पावसाळा सरत आला होता. माझ्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्या लॅपटॉपमध्ये होता आणि सोमवारी कॉलेजात दाखवायचा होता. तो दाखवला नाही तर वर्ष जाणार. दुसरीकडे कुठे त्याची प्रत ठेवलेली नव्हती. ही अक्कल तेव्हा नव्हती. आधीचे आठ दिवस परीक्षेसाठी मी डहाणूत मित्राच्या खोलीवर राहिलो. तिथे छत गळायचं, म्हणून लॅपटॉप घरी ठेवला होता. शुक्रवारी घरी आलो तर आई हसत उठली. तिने तट्टीवरून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खाली काढलं.

"सुन्या, बघ. एक थेंब लागू दिला नाही. बियाण्याच्या बाजूलाच ठेवलेला."

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला आणि थांबला. पडदा काळा. आईला मी त्या वेळी जे बोललो ते इथे लिहिणार नाही. ती गोणपाटाची घडी घालत बसली.

शनिवारी सकाळी दुकानात गेलो तर तिथे राऊत सर बसलेले. इंग्रजी शाळेतले संगणकाचे शिक्षक. त्यांच्या शाळेतले सगळे संगणक मनूभाईच सांभाळायचे. मला बघून मनूभाईंनी हात वर केला. "सर, हाच तो. मी बोललो ना? त्याच्या घरात पहिला ग्रॅज्युएट. पुढे तुमच्या लॅबला माणूस लागला तर हाच घ्या."

मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी सवयीप्रमाणे जाळीला नाक लावलं. डोळे मिटले. ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले.

"छेल्लं काय झालं, दीकरा?"

राऊत सर माझ्याकडे बघत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्या कानात मागच्या बाकावरची ती जुनी हाक आली. आईने चुलीवर टांगला होता, एवढंच वाक्य. त्याऐवजी मी म्हणालो, "काही नाही. गेल्या महिन्यात तुम्ही खोललात ना, तेव्हापासूनच असं करतोय."

सर हसले. "काय मनूभाई, हात कापायला लागले का आता?"

"वय झालं, सर," मनूभाई म्हणाले.

त्यांनी झाकण उघडलं. पंखा काढून पांढऱ्या फडक्यावर धरला आणि ब्रश फिरवला. काजळी पडली. तेलकट, काळी, आमच्या छताला असते तशीच. मी बघितली आणि मी बघितली हे त्यांनी बघितलं. मग त्यांनी फडक्याची घडी घातली. काळी बाजू आत. सरांना दिसेल अशी फक्त पांढरी बाजू वर राहिली.

"परत विचारतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दुसरं काही आठवतं?"

"नाही," मी म्हणालो.

पंखा साफ झाला, रॅमची टोकं पुन्हा खोडरबराने घासली गेली, एक एक करून. दुपारपर्यंत लॅपटॉप सुरू झाला. प्रकल्प जागेवर होता. मनूभाईंनी चिकटपट्टी फाडली, पेन उघडलं, थोडे थांबले आणि लिहिलं, "माझी चूक. मनू." आयुष्यभरात त्यांनी पट्टीवर लिहिलेलं हे एकच खोटं कारण असेल, आणि ते माझ्यासाठी लिहिलं होतं.

सोमवारी मी प्रकल्प दाखवला. चांगला झाला.

दिवाळीनंतर झेरॉक्सवाल्याकडून कळलं की शाळेचं काम मनूभाईंकडून काढून चारोटीच्या एका नव्या दुकानाला दिलं. "म्हातारा आता चुका करतो, असं सर म्हणतात," तो सांगत होता. मी ते ऐकून घेतलं आणि दुकानापुढून गेलो नाही, मागच्या गल्लीने गेलो. पुढे महिनेच्या महिने मागच्या गल्लीनेच जात राहिलो. मनात ठरवलेलं होतं की निकाल लागला की पेढे घेऊन जाईन, आणि पेढ्यांबरोबर ते पण सांगून टाकीन. नुसतं सांगायला जायची हिंमत नव्हती, पेढ्यांचा आधार हवा होता.

२०१९ला निकाल लागला. पेढे घेऊन गेलो तर दुकानाला कुलूप. छातीत दुखलं आणि दोन दिवसांत गेले, होळीच्या आधीच, असं झेरॉक्सवाला म्हणाला. "तू तर त्यांचा, तुला माहीत नाही?"

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सविताबेन ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी पेढे ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: चूल, काजळी, राऊत सर, पट्टी. त्यांनी तांदळातून मान वर केली नाही.

"घरी येऊन ते काही बोलले होते का?" मी विचारलं.

"शाळेचं काम गेलं, एवढं बोलले. कोणामुळे ते नाही बोलले."

"माझ्यामुळे, बेन."

"ते आता मला सांगून काय, भाई?" त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं होतंस. इथून दुकान पाच मिनिटांवर होतं." मग जरा वेळाने, "बस. पाणी पी. उन्हातून आलास."

मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

तिथून तसाच शाळेत गेलो आणि राऊत सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत राहिले. म्हणाले, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर तुला कोण काय म्हणणार होतं रे?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांच्या कामाचं नव्हतं. जून महिन्यात त्यांनीच मला निरोप पाठवला, लॅबला माणूस पाहिजे म्हणून.

घरी आईची मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "कसली? तो चालू झाला होता ना?" तट्टी अजून तिथेच आहे. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिने त्याच तट्टीवर ठेवायला मागितलं आणि मी दिलं.

लॅपटॉपच्या पोटावरच्या दोन्ही पट्ट्या मी काढलेल्या नाहीत. दुसरीच्या खाली तिसरी लावली आहे: "चुलीचा धूर. चूक सुनीलची." बी.एस्सी. झालो. ज्या लॅबचे संगणक मनूभाई सांभाळायचे, ती लॅब आता मी सांभाळतो. वीस संगणक आहेत. वीसही चालू आहेत.