गिटार मी निवडली, नेली दुसऱ्यांनी

"हात दाखव."

पनवेलच्या वाद्यांच्या दुकानात मालक मला म्हणाला. भिंतीवरची गिटार काढायला मी हात वर केला होता. मी तो खाली घेतला आणि वेड्यासारखे दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. शाळेत नखं तपासायचे, तसे. बावीस वर्षांची मी. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला.

त्यानं तळवे पाहिले. लहानपणापासून सुट्टीभर बापाबरोबर मिठागरात राबलेली मी. खाऱ्या पाण्यानं चिरलेली कातडी भरून येते, वण राहतात.

"काय करता तुम्ही लोक?"

"मीठ," बाबा म्हणाले. ते दाराशी उभे होते. चपला बाहेर काढून. कुणी सांगितलं नव्हतं. बाकीची गिऱ्हाइकं बूट घालून फिरत होती.

"मग हळदीत वाजवायचं असेल. बेंजो घ्या, तिकडे कोपऱ्यात आहे. गिटारीला हात नको लावू, पॉलिश जातं."

दोन गिऱ्हाइकं हसली. बाबाही हसले. मालकाचं मन राखायला. त्या हसण्याचा राग मला मालकापेक्षा जास्त आला.

उरणच्या कॉलेजात मी पाच वर्षं गिटार वाजवली. तिथे एकच होती, मान वाकलेली. मानेवरच्या पाचव्या पट्टीच्या वर प्रत्येक सूर खोटा. तो खरा वाटावा म्हणून बोट कुठे किती दाबायचं, हे मी मोबाईलवर बघून आणि चुकून चुकून शिकले. त्या मोडक्या वाद्यानं मला चांगलं वाद्य ओळखायला शिकवलं. आता पगाराचे पैसे पर्समध्ये होते. मला माझी गिटार हवी होती. बेंजो नाही.

तेवढ्यात एक बाई आली, बरोबर बारातेरा वर्षांची मुलगी. मालकानं खुर्च्या पुसल्या. पाच गिटारी काढून समोर ठेवल्या. मुलीला वाजवता येत नव्हतं. बाईला येत नव्हतं. आणि मालकालाही येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"ऐकल्याशिवाय कशी घेणार?" बाई म्हणाली.

मालकानं माझ्याकडे पाहिलं. "तुला येतं ना? ये इकडे. आधी हात धुऊन ये. साबणानं."

मी गेले. हात धुतले. घासून धुतले. मला कुणी ओढत नेलं नव्हतं. गिटार हातात मिळणार होती म्हणून मी गेले.

पहिलीच्या तारा इतक्या उंच, की नवख्या पोरीची बोटं सोलली असती. दुसरीचा ब्रिज, तारा अडकवायची पट्टी, मागून उचलला गेला होता, कागद आत सरकेल इतका. तिसरी आणि चौथी नुसती चकचकीत, आत प्लाय. पाचवीच्या मधल्या भोकाची कड पाहिली. लाकडाच्या रेघा वरून थेट आत उतरल्या होत्या. अख्खं लाकूड. डोळ्यासमोर आडवी धरली. मान सरळ. एकेक पट्टी दाबून पाहिली. कुठे खरखर नाही. मग सगळ्या तारा एकदम छेडल्या. आवाज छातीत शिरला आणि तिथे बराच वेळ राहिला. दुकान, मालक, बाई, सगळं मी विसरले. डोळे मिटून वाजवत राहिले.

"ही," मी म्हणाले. "बाकीच्या चार घेऊ नका."

"बघ, किती छान वाजवते," बाई मुलीला म्हणाली. "अशांनाही येतं." मग मालकाला, "हीच द्या. जरा पुसून द्या हं."

मालकानं सॅनिटायझर काढला. माझा दंड टेकला होता तिथे, माझी बोटं लागली होती तिथे, माझ्यासमोर फडकं फिरवलं.

"मला हवीय ही," मी म्हणाले. "मी आधी आले होते. पैसे आणलेत."

"आणलेस म्हणून काय झालं? माझा माल कुठल्या घरात जातो ते मी बघतो. तुमच्याकडे खाऱ्या हवेत सडेल ती."

बाबा पुढे आले. त्यांनी मालकाला हात जोडले. "शेठ, पोरगी येडी हाय. मनावर नका घेऊ."

"बाबा, हात खाली कर."

त्यांनी केले नाहीत. मी त्यांची मनगटं धरली आणि जोडलेले हात सोडवले. जोर लावावा लागला. मग मी मालकाला म्हणाले, "मला विकणार नाही, तर का नाही ते लिहून द्या. दुकानाच्या कागदावर. सही करून."

"चल, निघ."

"लिहून द्या."

त्यानं लिहिलं नाही. बाई मोबाईल बघत बसली. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. गिटार पिशवीत गेली, पिशवी गाडीत गेली. तोवर मी काउंटरपासून हलले नाही. मग बाहेर पडले.

एसटीत बाबा उरणपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना लाज वाटत होती. मालकाची नाही. माझी.

पुढच्या आठवड्यात मालकाचा फोन आला. दुकानात शिरल्या शिरल्या प्रत्येकाचा नंबर तो वहीत लिहून घ्यायचा, तसा माझाही घेतला होता. "रविवारी येत जा. गिऱ्हाइकांना वाजवून दाखव. कान चांगलाय तुझा. चहा-नाश्ता देईन."

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा चिडले. "शेठनं स्वतःहून बोलावलंय, बाय. जा ना. तुला गिटारच वाजवायचीय ना?"

आज माझ्याकडे चांगली गिटार आहे. दुसऱ्या शहरातून आणली. तिनं काही भरून निघालेलं नाही. त्या बाईच्या घरातली गिटार मीच पारखलेली आहे, हे मी रोज आठवते आणि मुद्दाम आठवते. मालकाला मी माफ केलेलं नाही. साबण घेऊन नळाखाली उभ्या राहिलेल्या मलाही नाही. ज्या दुकानात मला गिऱ्हाईक म्हणून किंमत नाही, तिथे माझ्या बोटांतून एक सूर निघणार नाही. कुणी कितीही गोड बोलावलं तरी नाही. बापानं माझ्यापुढे हात जोडले, तरीही नाही.