घाटावर विचारलेला प्रश्न

आमच्या नाशकात दर उन्हाळ्यात गोदेच्या काठी व्याख्यानमाला होते. तिकीट नाही, पास नाही, कोणाची ओळख लागत नाही. यावं, बसावं, ऐकावं. लग्न होऊन या शहरात आले तेव्हापासून मी जाते. शाळेच्या ऑफिसातली कारकुनी आटपून घरी यायचं, भाकरी टाकायच्या आणि दिवेलागणीला घाटावर हजर व्हायचं. नवऱ्याला व्याख्यान म्हटलं की जांभया येतात, म्हणून मी एकटीच जाते आणि खरं सांगायचं तर तेच मला आवडतं. तिथे मी इतिहास ऐकला, मधुमेह ऐकला, अंतराळ ऐकलं, आणि स्वागताचे 'दोन शब्द' अर्धा तास कसे पुरवायचे तेही ऐकलं. रुमाल टाकून पुढच्या खुर्च्या धरणाऱ्या मंडळींशी माझं कधी जमलं नाही. मी पायऱ्यांवर बसते. दगड दिवसभर तापलेला असतो, पण मी काही उठत नाही.

इतक्या वर्षांत मी प्रश्न मात्र एकदाही विचारला नव्हता. तिथली रीत अशी की व्याख्यान संपत आलं की कार्यकर्ते कागदाचे कपटे वाटतात. त्यावर आपलं नाव आणि प्रश्न लिहायचा. सगळ्या चिठ्ठ्या सूत्रसंचालकांकडे जातात आणि त्यांना बऱ्या वाटतील तेवढ्या ते माइकवरून वाचतात. बरेचसे प्रश्न म्हणजे विचारणाऱ्याचंच एक छोटं व्याख्यान असतं. मला तसलं काही सांगायचं नसायचं, म्हणून मी कपटा घेत नसे.

गेल्या वर्षी मला खरंच काही विचारायचं होतं.

माझं माहेर सायखेड्याचं. आई आधी गेली, मग वडील गेले. शेतीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागली: थोरली बहीण, मी आणि धाकटा भाऊ. भावाला द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेज बांधायचं होतं आणि त्यासाठी नाशकातल्या बँकेकडून कर्ज काढायचं होतं. अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या, आधी त्याचा फोन आला. "ताई, आखाजीला येशीलच ना? तवा हक्कसोडीचं बी उरकून टाकू. बँकेला सातबारा स्वच्छ लागतो."

हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडे हे इतकं सरसकट चालतं की त्याला कोणी निर्णयसुद्धा म्हणत नाही. बहिणी जातात, सही करतात, भाऊ साडी देतो, पुरणपोळी होते, बहिणी परत जातात. थोरलीनं सही देऊनही टाकली होती. "तुला माहेर हवंय का जमीन?" असं तिनं मला विचारलं.

मला त्या 'स्वच्छ' शब्दाचा राग आला. आम्ही दोघी काय डाग होतो? कॉलेजात जाईपर्यंत मी त्या बागेत राबले आहे. औषधाच्या मगात एकेक घड बुडवून काढायचा, पुढच्या वेलीवर जायचं, माना मोडेस्तोवर वर बघत राहायचं. भाऊ तेव्हा बांधावर झोळीत होता. मला जमीन विकायची नव्हती, कसायचीही नव्हती. मला तिथे माझं नाव हवं होतं. आणि मला माहेरही हवं होतं. भाऊ माझा लाडका आहे, त्याच्याशी बोलणं तुटलं तर मला सोसवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही एकत्र मिळतं का, हे विचारायला माणूस नव्हता. नवरा म्हणाला, "तुझ्या घरचं आहे, तू ठरव." ऐकायला हे छान वाटतं, पण त्यानं काही सुटत नाही.

तेवढ्यात व्याख्यानमालेची पत्रिका हाती आली. एका संध्याकाळचा विषय होता वारसाहक्क आणि वक्ते होते एक निवृत्त न्यायाधीश. आखाजी पुढच्याच आठवड्यात होती. व्याख्यानाच्या दिवशी मी भाकऱ्यासुद्धा टाकल्या नाहीत. नवऱ्याला म्हटलं, आज वडापाव आणून खा.

न्यायाधीश म्हातारे होते आणि बोलायला रूक्ष, पण एक शब्द वाया घालवत नव्हते. मी कान देऊन ऐकलं. चिठ्ठ्या आल्या तशी मी पुढे होऊन एक घेतली, प्रश्न लिहिला आणि नाव लिहायच्या वेळी हात थांबला. पुढच्या खुर्च्यांत सायखेड्याचे एक मामा बसले होते. सख्खे नव्हेत, गावच्या नात्यानं मामा. माझ्या भावाच्या वरातीत फेटा बांधून नाचलेले. नाव वाचलं गेलं तर मी घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचणार. मी नाव न लिहिता चिठ्ठी दिली.

सूत्रसंचालकांनी चार-दोन प्रश्न घेतले. मग माझी चिठ्ठी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती मनात वाचली आणि म्हणाले, "ही एक निनावी आहे. शिवाय प्रश्न घरगुती स्वरूपाचा आहे, तो आपण बाजूला ठेवू." त्यांनी ती पाण्याच्या ग्लासाखाली सरकवली आणि एका प्राध्यापकांचा कुटुंबव्यवस्थेच्या भवितव्यावरचा लांबलचक प्रश्न वाचायला घेतला.

घरगुती! इतका वेळ ते म्हातारबुवा आमच्या घरांबद्दलच तर बोलत होते. माझं डोकं असं तापलं की मामांची भीती कुठल्या कुठे गेली. प्राध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर संपलं आणि मी उभी राहिले.

"ती चिठ्ठी माझी आहे," मी म्हटलं. आवाज फाटला. माना वळल्या, मामांचीही वळली. मी माझं नाव सांगितलं, सासरचं आडनाव सांगितलं, माहेरचंही सांगितलं.

सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाले, "ताई, वेळ संपत आली आहे. अजून आभार व्हायचेत."

"मग आभार थोडे कमी माना," मी म्हटलं. लोक हसले. न्यायाधीशही हसले आणि त्यांनी मला हातानं खूण केली, बोला.

"भावाला हक्क सोडून दिला नाही, तर माहेर तुटतं का?"

त्यांनी चष्मा काढला. "याचं उत्तर कायद्यात नाही, बाई. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलंय?"

"लागलंय."

"मग ते तुमच्या सहीशिवाय निघत नाही. प्रेमानं द्यायचं असेल तर खुशाल द्या, कायदा आड येणार नाही. पण सगळ्या देतात म्हणून देऊ नका. एकदा नोंदणी झाली की परत मिळवणं फार अवघड."

"त्याला कर्ज काढायचंय."

"मग तुम्हीही मालक म्हणून त्याच्याबरोबर सही करा. बँकेला विचारून बघा."

मी खाली बसले. जीव हलका झाला होता. आभार सुरू झाले आणि मामा फोन कानाला लावून घाट चढायला लागले.

मी दारात चपला काढते तोच भावाचा फोन. "भर सभेत आपल्या घरचं काढलंस, ताई? लय वाईट वाटलं मला."

"तुझ्याबद्दल वाईट काही बोलले नाही. मामांना विचार."

"आखाजीला येतीस का नाय मग?"

"येणार," मी म्हटलं.

गेले. वहिनीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण हसली नाही. टेबलावर कागद मांडून ठेवले होते. बसायच्या आधीच मी भावाला सांगितलं, "कर्जाच्या कागदावर तुझ्या शेजारी सही करते, आज म्हणशील तर आज. नाव काढायच्या कागदावर करणार नाही. मला बाबांच्या जमिनीत राहायचंय आणि तुझ्याकडे यायचंही आहे."

तो तडक बागेत निघून गेला. ताटं वाढली तरी आला नाही. वहिनी माझ्याकडे न बघता वाढत होती. मला रडू येत होतं. तरी मी उठले नाही. पुरणपोळी संपवली आणि आमरस पुन्हा मागून घेतला.

संध्याकाळी त्यानं मोटरसायकल काढली आणि मला स्टँडवर सोडलं. बस लागली, मी चढले, तसा तो खिडकीशी आला. चेहरा अजून फुगलेलाच होता.

"एवढ्या लोकात बोलतीस ना, मग बँकेत साहेबाशी बी तूच बोल. मला नाय जमत."

"बोलते," मी म्हटलं. "सोमवारी ये."