लांडग्याचा सूर

तालेयाचा उभा जन्म चर्चमधल्या ऑर्गनच्या पाठीमागे गेला. पुढे नवरा, फोल्केर्ट, वाजवायचा आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत ती नळ्यांना वारा पुरवणारे भाते तुडवायची. "फोल्केर्टला ढेकर आली तरी ती तालेयाच्या वाऱ्यावर," असं समुद्राच्या बांधाकडचे कोळी म्हणायचे. आता फोल्केर्ट नव्हता. दिवसभरात तिच्याशी बोलायची ती चुलीवरची किटली, आणि चहाच्या कपात टाकल्यावर तडतडणारी खडीसाखर.

जुन्या रीतीने ऑर्गन सुरात लावताना बाकीच्या स्वरजोड्या गोड ठेवत आणि उरलासुरला सगळा बेसूर एकाच जोडीत लोटून देत. ती वाजली की विव्हळायची, म्हणून तिला लांडगा म्हणत. एरवी कुणी तिच्या वाटेला जात नसे. पण समुद्रावर गेलेला माणूस परतला नाही, प्रेतही लागलं नाही, की फ्रीसलंडच्या या गावात त्याच्या नावाने लांडगा वाजायचा. तालेयाच्या एन्नोच्या नावाने तो बापानेच वाजवला होता. वारा आईने पुरवला होता. एन्नोला दुसरी कबर नव्हती.

नव्या पाद्रीबुवांना नवी गाणी हवी होती. ती जुन्या रीतीने लावलेल्या सुरांत बसेनात, म्हणून त्यांनी एम्डेनहून रेमर्स नावाचा सूर लावणारा बोलावला.

"मावशी, आता बेसूर सगळ्या जोड्यांत चिमूटचिमूट वाटून टाकायचा. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"माझं होतं ते. सगळ्यांना वाटा म्हणून मी सांगितलं होतं का?"

"अहो, ऑर्गन गावाचा!"

"हो, आणि पाय माझे."

तरी ती भात्यावर चढली. एकेक नळी जुळत गेली. लांडग्यातल्या वरच्या नळीची पाळी आली तशी तालेयाने पावलं हलकी केली. वारा कमी पडला की नळीचा सूर उतरतो. रेमर्सने तो बिनबोभाट चढवून घेतला; पुरता वारा मिळाला की ती नळी आता चढीच बोलणार होती. पुढच्या नळीला तिने पुन्हा अंगाचा सगळा भार दिला.

काम संपवून त्याने ती जोडी दाबून पाहिली. बारीक का होईना, लांडगा विव्हळलाच.

रेमर्स मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "दमलात, की मुद्दाम?"

"लेक आहे माझा त्यात."

त्याने डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली. "ठेवता नाही येणार, मावशी. पाद्रीबुवा माझी सालटी काढतील. पण त्या दोन नळ्या होत्या तशा लावतो. एकदा वाजवतो. किती वेळ धरू?"

"मी पाय उचलेपर्यंत."

लांडगा उठला. रिकाम्या चर्चमध्ये, बाकांवरून, थेट दारापर्यंत. तालेया तुडवत राहिली. गुडघे कुरकुरले, धाप लागली, पण ती थांबेना. रेमर्सनेही बोटं उचलली नाहीत.

मग तिने एक पाय जमिनीवर टेकवला. थोड्या वेळाने दुसरा. सूर हळूहळू उतरत गेला, घरघरला आणि विझला.

"हं, लाव आता," ती म्हणाली आणि पुन्हा भात्यावर चढली.