टायरवरचा घण

लोखंड ठोकायचा यांत्रिक घण कुठल्या पद्धतीचा बांधायचा, हे विनीतानं एकाच मापानं ठरवायचं पक्कं केलं होतं: दिवाळीच्या बाजारात प्रतिमाला टेबल गुंडाळावं लागलं पाहिजे.

विनीता डब्लिनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची आणि शनिवारी गॅरेजात लोखंड तापवायची. मुलगी कॉलेजला गेल्यावर रिकामं घर खायला उठलं, तेव्हा ती गावाबाहेर डेल नावाच्या लोहाराकडे शिकायला गेली. गेटचे कोयंडे, कोटाचे हुक करून झाले आणि एक दिवस तिनं विळी घडवली, पुढे खवणीचे दात असलेली. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका वेड्या झाल्या. विनीताला विकायला जमायचं नाही. तोंडच उघडायचं नाही. म्हणून विकण्याचं काम तिची मैत्रीण प्रतिमानं घेतलं. प्रतिमाला तोंड होतं.

पुढे विनीताचा कोपर धरला. डॉक्टरनं हातोडा बंद करायला सांगितलं. ती घरी बसली आणि प्रतिमानं तिची विळी एका कारखान्यात दाखवून पत्र्याच्या विळ्या कापून आणल्या. त्यांच्यावर चिठ्ठी मात्र पहिल्यासारखीच ठेवली: ‘विनीताच्या हातची’.

विनीतानं फोन केला तर प्रतिमा म्हणाली, “अगं, तुझंच नाव होतंय ना! हात मोडून घेण्यापेक्षा हे बरं नाही का?”

त्या दिवसापासून विनीताच्या डोक्यात घण पडायला लागला.

नवरा गुरुनाथ मेकॅनिकल इंजिनिअर. साधा टोस्टर घ्यायचा तरी महिनाभर तुलना करणारा माणूस. त्यानं लोकांनी घरी बांधलेल्या घणांचे व्हिडिओ पाहून तीन पद्धती काढल्या.

“हवेचा घण सगळ्यात ताकदवान. पण त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो. शेजारचे पोलीस बोलावतील. दुसरा, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा. मोटर फिरली की पाटे घणाला वरखाली नाचवतात. तिसरा टायरचा. मोटरचं छोटं चाक कारच्या टायरला घासतं, टायर फिरतो, घण पडतो.”

“लवकर कुठला होईल?”

“पाट्यांचा. दोन शनिवार.”

“मग तोच.”

“विनू, तुला विळ्या करायच्यात की प्रतिमाला ठोकायचंय?”

“तू वेल्डिंग कर. चौकशी नको.”

पण डेलकडे पाट्यांचा आणि टायरचा असे दोन्ही घण होते, म्हणून सामान आणण्याआधी ती चालवून बघायला गेली. पाट्यांचा घण सुरू झाला आणि आपल्याच लयीत धडाधड बडवत सुटला. लाल पट्टी काढून घेईपर्यंत तिचा पापड झाला होता. विनीतानं तो पापड चिमट्यात धरून पाहिला. प्रतिमाच्या पत्र्याहून जाड नव्हता. तिला स्वतःचाच राग आला.

मग ती टायरच्या घणाशी उभी राहिली. खाली लोखंडी पट्टीचं पेडल होतं. पाय हलका दाबला तर मोटरचं चाक टायरला जेमतेम टेकायचं आणि घण थोपटल्यासारखा पडायचा. जोर दिला की कडाडायचा. पन्नाशीपर्यंत ती विळीवर बसत आली होती. पाट पायाखाली दाबून धरायचा, फणस आला तर जोर वाढवायचा, कोथिंबिरीला सोडायचा, हे तिच्या पायाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं घणाखाली धरलेली पट्टी पाठीकडे जाड राहिली, धारेकडे उतरत गेली. कोपराला काही कळलंसुद्धा नाही.

“टायरचा,” घरी येऊन ती म्हणाली.

“अगं, भरीव ऐरण भंगारातून शोधायची, सगळा सांगाडा उभा करायचा. दिवाळी हुकेल.”

“हुकली तर होळीला जाळीन प्रतिमाला. पण पापड विकणार नाही.”

दिवाळी हुकली नाही, घण बांधण्यात रजा तेवढ्या संपल्या. बाजाराच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तिनं प्रतिमाच्या शेजारचीच जागा घेतली. टेबल मांडलं नाही. खाली सतरंजी अंथरली, मोजक्या विळ्या ठेवल्या आणि शेजारी नारळांची गोणी.

“अय्या विने! आता तूही मशीनवरच करतेस म्हणे?” प्रतिमा चारचौघींना ऐकू जाईल अशी म्हणाली.

“हो. मशीन माझं, पाय माझा.” विनीतानं नारळ फोडला. “सुमित्रामावशी, या ना, बसा. माझी घेऊ नका लगेच. आधी प्रतिमाची मागून आणा. दोन्हींवर खवून बघा. नारळ माझा.”

मंडळातल्या सगळ्यात जुन्या सुमित्रामावशी गुडघे धरत सतरंजीवर बसल्या. प्रतिमाला विळी द्यावीच लागली. मावशींनी करवंटी दाबली आणि पातं मान टाकल्यासारखं वाकलं. खोबऱ्यात खवणीचा एक दात राहिला.

“अगो बाई! हा दात कुणाच्या मोदकात गेला असता?” मावशी म्हणाल्या. “आणि हिच्यावर नाव विनीताचं कसं?”

हॉलमधल्या बायका वळल्या. विनीतानं दुसरा नारळ उचलला. उत्तर प्रतिमासाठी ठेवलं.

प्रतिमा लाल होऊन खाली वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “चिठ्ठ्या काढते सगळ्या. आत्ता काढते. आवर ना गं, लोकांसमोर काय तमाशा!”

“काढ की,” विनीता म्हणाली आणि पुढच्या बाईला बसायला जागा करून दिली. “पण विळ्या राहू देत टेबलावर. अजून अर्धी गोणी नारळ आहेत.”