पॅनलच्या खोलीतले काका

हातातला ब्रश वर धरून ते आधी माणूस न्याहाळत. "पहिले झटका, भाऊ. मग आत या." केसांतला, खांद्यावरचा कापूस झटकून होईपर्यंत ते दाराची कडी सोडत नसत.

खकनार रस्त्यावर कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मी हिशेबाला होतो. तुम्ही जिनिंग पाहिलं असेल तर हंगामात कापसाचं किती बारीक तूस उडतं ते ठाऊक असेल. ते विजेच्या पॅनलमध्ये साचलं आणि ठिणगी पडली, तर कापूस पेटायला वेळ लागत नाही. म्हणून पॅनलभोवती काचेची बंद खोली होती, आणि आत काका. तरुणपणी ते मशीनवर होते. तूस ओढून ओढून छाती गेली तेव्हा शेठनी त्यांना पॅनलवर बसवलं. त्या खोलीत त्यांनाही श्वास घेता यायचा.

पण बाहेर पडता यायचं नाही. डबा आत, चहा आत. कुणी पेढे वाटले की सगळे आवारात हसत उभे आणि हे काचेला कपाळ टेकवून. मी पेढा घेऊन गेलो की विचारत, "कशावर हसत होते?" मी सांगायचो. मग ते एकटेच हसायचे.

"गावी, चांदनीला, भावाकडे का जात नाही? केळीचा बाग आहे," मी एकदा म्हटलं.

"बागेत वाकावं लागते, भाऊ. वाकलो की दम लागते. इथं बटन दाबून तरी पगार मिळून राहिला."

मागच्या हंगामाआधी नवं पॅनल आलं. पत्र्याची बंद कपाटं, दारांना रबर, हवा गाळून घेणारा पंखा. तूस आत जाणं खरोखरच थांबलं. शेठनी काचा काढवल्या. ती जागा नव्या मशीनला हवी होती.

"मी कुठं बसू?" काकांनी विचारलं.

शेठना ते सुचलंच नव्हतं. त्यांनी कपाटाजवळ खुर्ची टाकायला सांगितली.

काका गमछा बांधून बसू लागले. दुपारपर्यंत ओठ निळसर पडत. मी शेठना सांगितलं, तर म्हणाले, "गेटवर बसव." गेटवर कापसाच्या गाड्या रिकाम्या होत.

हंगाम संपायच्या आत ते यायचे थांबले. भावाकडे पडून असतात, असं ऐकतो.

शेवटचे दिसले ते कपाटामागे. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते, त्या जाळीला तोंड लावून उभे होते.

"या," मला बघून म्हणाले. "इथून साफ हवा येऊन राहिली."

मी वाकलो. हवा गरम होती, रबराचा वास येत होता. मला जागा व्हावी म्हणून ते बाजूला सरले होते, आणि माझं होईपर्यंत त्यांनी आपला श्वास रोखून धरला होता.