तारीख कापलेला फोटो

करमरकर डॉक्टर काल दुपारी गेले. आणि कालपासून त्यांना देवमाणूस म्हणणाऱ्यांमध्ये त्यांचं हॉस्पिटल बंद पाडणारेच जास्त आहेत.

हो, बोलले. राग येणाऱ्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

मी सरांच्या नाहूरच्या मॅटर्निटी होममधली लेबर रूमची सिस्टर. नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. माझी दोन्ही पोरं सरांच्याच हातची.

हॉस्पिटल बिल्डिंगच्या तळमजल्यावर, सर आणि मॅडम राहायला वर चौथ्या मजल्यावर.

सरांची एक सवय होती. डिलिव्हरी झाली की स्वतः बाहेर येऊन सांगायचे. नातेवाईक धावत येणार, "डॉक्टर, मुलगा की मुलगी?"

सर म्हणायचे, "आई बरी आहे. आता पुढचं विचारा."

लॉकडाऊनमध्ये एका दुपारी कांजूरमार्गची एक बाई टेम्पोतून आली. कळा सुरू, चेहरा पांढराफटक. जिथे जिथे गेली तिथे एकच उत्तर मिळालं होतं, आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा.

सर म्हणाले, "मग काय, बाळाला सांगू रिपोर्ट येईपर्यंत थांब म्हणून? घ्या तिला आत."

बाळ झालं. झकास रडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह.

अशा वेळी बाकीचे काय करत होते ते आम्हाला माहीत होतं. पेशंट गुपचूप हलवायचा, फिनेल मारायचं, तोंड बंद. मी पण तेच म्हटलं, "सर, कशाला बोभाटा? आपली वाट लागेल."

"सिस्टर, सकाळपासून ओपीडीत पोटुशी बायका बसून गेल्यात. त्यांना कळायला नको?"

नंबर होते त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः फोन केले. बाकीच्यांसाठी दारावर कागद लावला. इथे एक पेशंट पॉझिटिव्ह आली आहे, येऊन गेलेल्यांनी तपासून घ्या, घाबरू नका, मला फोन करा. खाली नंबर, सही, तारीख.

सोसायटीतल्या कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकताना खालचा भाग कापला.

म्हणजे तारीखच गेली.

चुकून कापला की मुद्दाम, देव जाणे. मला विचाराल तर मुद्दाम.

आम्ही सगळे क्वारंटाईन झालो, हॉस्पिटल धुऊन पुसून परत उघडलं. फोटो मात्र थांबला नाही. मुलुंडभर फिरला. कांदिवलीला माझ्या नणंदेला आला. वर्ष उलटलं तरी लोकांचे फोन यायचे, "डॉक्टर, परत सापडला का हो पेशंट?"

सर प्रत्येकाला समजावून सांगायचे, अहो, तो जुना फोटो आहे. लोक "हो का, बरं बरं" म्हणायचे आणि बाळंतपणासाठी नाव दुसरीकडे घालायचे.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

आणि आमची सोसायटी! बाल्कनीत उभं राहून थाळ्या बडवल्या, त्याच आठवड्यात मॅडमना निरोप, लिफ्ट वापरू नका. गुडघे दुखणारी बाई चार मजले चढायची. मेल्यांनो, तेव्हा कुठे गेला होता तुमचा देवमाणूस?

ओपीडी रिकामी. किट, ऑक्सिजन सगळं चढ्या भावाने. सोनोग्राफी मशीनचा हप्ता काही लॉकडाऊन पाळत नाही. सरांनी स्वतः घरी एक पैसा नेला नाही, पण आम्हाला अर्धा पगार देताना मान खाली घालायचे. मला ते बघवायचं नाही.

तेवढ्यात जवळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलने दुप्पट पगारावर नर्स उचलायला सुरुवात केली. आमची सुवर्णा रडतच आली.

"जा गं," सर म्हणाले. "घर तुझ्यावर चालतं. रडतेस काय वेड्यासारखी?"

एकेक करत सगळ्या गेल्या. त्यांना दोष नाही देत मी. मी राहिले कारण माझ्या नवऱ्याची नोकरी टिकली होती, एवढंच.

मग लाट ओसरली. सुवर्णाला व्हॉट्सअॅपवर मेसेज, उद्यापासून येऊ नका. लाटेत जीव धोक्यात घालणाऱ्या पोरीला साधा फोन नाही.

ती परत आमच्याकडे आली तेव्हा आम्ही लेबर टेबल भंगारवाल्याला देत होतो. टेबलाची एक बाजू सरांनीच धरली होती.

आता तिथे टकलावर केस उगवून देतात. काचेचा दरवाजा, एसी. सोसायटी खूश.

आणि साठी उलटलेला हा माणूस त्याच मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला लागला. अंगठा लावून हजेरी. नॉर्मल डिलिव्हरीला एवढा वेळ का लागतो, बेड का अडतो, असं कोणीतरी टायवाला पोरगा मीटिंगमध्ये त्यांना विचारायचा. हसत सांगायचे मला. मला नाही हसू आलं कधी.

मागच्या आठवड्यात छातीत दुखलं म्हणून तिथेच ॲडमिट झाले. मी भेटायला गेले. अख्ख्या मजल्याला एक नर्स, ती बिचारी नुसती पळत होती. सरांचं सलाईन संपत आलेलं. मी बेलकडे हात नेला.

"नको, सिस्टर. ती एकटी आहे. तुम्हीच बंद करा."

मी बंद केलं. माझ्याशी ते तेवढंच शेवटचं बोलले.

आत्ता सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येऊन गेला. रविवारी हॉलमध्ये शोकसभा आहे. "सिस्टर, तुम्ही बोलाच. पण चांगलं चांगलं बोला हं, जुनं नको."

येते ना. नक्की येते. वर जे लिहिलंय तेच बोलणार, माईकवर. मी मालवणची आहे, माईक नसला तरी चालेल.

सर, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सिस्टर, जाऊ दे." इतकी वर्षं तुमचं ऐकलं. या वेळी नाही ऐकणार.

नमस्कार करते, सर. मॅडमची काळजी करू नका, मी आहे.