दोनदा आलेलं नाव

माझी चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी आखातात, कतारच्या दोह्यात असताना छातीठोक सांगत असे. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट होतो. मजुरांच्या याद्या माझ्याच हातून जायच्या. आपल्याकडच्या माणसांची नावं एकसारखी, त्यामुळे एकच गडी यादीत दोनदा चढायचा. मी वडिलांचं नाव ताडून बघायचो आणि दुसरी ओळ उडवायचो. या माणसाला डोळे आहेत, असं साहेबलोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

आमचे चीफ इंजिनियर अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. सावकाश बोलायचे, रागावले तरी सावकाशच. एकदा त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, दुपारी ऑफिस बंद असतं तेव्हा हे टाइप करशील का? शंभरएक वर्षांपूर्वी त्यांच्या देशात आपापसात युद्ध झालं होतं. दक्षिणेच्या राज्यांनी फुटून वेगळं सरकार काढलं होतं. त्या सरकारच्या एका पलटणीची ही हजेरी. घोड्यावरून जायचं आणि लढायला मात्र खाली उतरायचं, अशी ती पलटण. घोडा ज्याचा त्याने आणायचा. म्हटलं, म्हणजे आमचे शिलेदार. साहेबांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला.

त्यांच्या आईचे आजोबा या पलटणीत होते. युद्ध संपल्यावर ते पायी घरी आले, घोडा नव्हता. गावाने लगेच ठरवून टाकलं की घोडा विकून पळून आला. आईला त्या आजोबांनीच वाढवलेलं. आता ती नव्वदीला टेकली होती आणि तिला डोळे मिटायच्या आत एकच गोष्ट हवी होती. आजोबा पळाले नव्हते, हे छापलेलं वाचायचं होतं. त्यासाठी साहेब पलटणीचा छोटासा इतिहास लिहीत होते. हजेरीचं पुसट, तिरकं अक्षर त्यांना लागत नव्हतं. माझे वडील मोडी वाचायचे, तेव्हा असल्या अक्षराला मी काय भिणार?

तिसऱ्या आठवड्यात ते नाव आलं. लगेच खालच्या ओळीत पुन्हा तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव. वरच्यापुढे शेरा होता, ‘घोड्यासह पळाला’. खालच्यापुढे, ‘घोडा ठार, शत्रूने कैद केला’. खालच्या नावाला शेपटीसारखा एक डाग होता. मला हसूच आलं. म्हटलं, कारकून इथून तिथून सारखेच! बाप आणि मुलगा असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आपल्यात हयात बापाचं नाव मुलाला कोण ठेवतं? माझ्या धाकट्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं, तेही आजोबा गेल्यावर, आणि तरी आईने जन्मभर त्याला बाळ्याच म्हटलं, कारण सासऱ्याचं नाव घेणार कसं? म्हणजे माणूस एकच. आधीची नोंद खरी, नंतरची खलास. मी खालची ओळ उडवली.

टाइप केलेलं पान साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसले.

“या नावाची एवढी एकच ओळ आहे?”

दुरुस्ती मी न विचारता केली होती. ते सांगितलं असतं तर त्यांनी लगेच कागद मागवला असता. पण आपला शहाणपणा कशाला उघड करा, असं वाटलं. “एकच, सर,” म्हटलं. ते म्हणाले, जे आहे ते छापायचं.

पुस्तक छापून आईकडे गेलं. तिने ते पान वाचून घेतलं आणि पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं, असं साहेबांच्या बहिणीचं पत्र आलं. साहेबांनी मला ते सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

पुढे दोनेक महिन्यांनी एक नवा अमेरिकन आला. त्याच्या कार्डावर नावाच्या शेवटी दोन बारीक अक्षरं होती, ज्युनियरची. मी सहज विचारलं, तर म्हणाला, वडिलांचं नावही हेच, आमच्याकडे चालतं. मला ती शेपटी आठवली. दुपारी कपाटातून तो झेरॉक्स काढला, खिडकीपाशी उजेडात धरला. ती शेपटी म्हणजे तीच दोन अक्षरं होती. पळाला होता तो बाप. तोही पलटणीत होता, हे साहेबांच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. मुलगा कैदेत पडला होता, आणि सुटल्यावर घोडा नव्हता म्हणून पायी घरी आला होता. त्याची ओळ मी पुसली होती.

शहराबाहेरच्या मुऐदर वस्तीतल्या खोलीत माझ्याबरोबर साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर राहायचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. भात उपसता उपसता ते थांबले.

“लढलेल्या माणसाला पळपुटा लिवलंस? आरं, फौजेत याच्यावर एकमेकाचा गळा धरत्यात. म्हातारी हाय का अजून?”

“आहे.”

“मग उद्याच्याला सांग.”

उद्या शुक्रवार, सुट्टीचा वार होता. शनिवारी साहेब साइटवर होते. मग त्यांचा मूड ठीक नव्हता, मग मीटिंग होती. खरं सांगायचं तर मला नोकरीची भीती नव्हती. या माणसाला डोळे आहेत, हे ऐकायची चटक लागली होती, ती सुटत नव्हती. चोराच्या मनात चांदणं. साहेबांनी नुसती हाक मारली तरी मी दचकायचो. मनाला समजावायचो, ही माणसं गुलामगिरी टिकवायला लढत होती, त्यांच्यातला एक पळपुटा ठरला तर जगाचं काय बिघडलं? ते खरंही होतं. पण मी म्हातारीला दुखावलं होतं ते त्या गुलामांच्या कळवळ्याने, असं थोडंच होतं? हवालदार दोनतीनदा बोलले आणि मग त्यांनी विषय काढायचं सोडलं. माझ्याशी बोलणंही कमी केलं. असे सात आठवडे गेले.

मग साहेबांची आई वारल्याची तार आली. ते अमेरिकेला गेले आणि पंधरवड्याने परत आले. पहिल्याच सकाळी मी तो झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवला, दोन्ही ओळींवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. आपल्याकडची नावांची रीतही सांगितली.

साहेबांनी कागद उजेडात धरून ती दोन अक्षरं वाचली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

“तुला हे कधी कळलं?”

“काल, सर. कागद आवरताना.”

ते उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नकोस. चूक कुणाकडूनही होते. आई असताना कळलं असतं, तर तू त्याच दिवशी धावत आला असतास. मी ओळखतो तुला.”

मी म्हणालो, “येस, सर.”